पंखा जोरात फिरवून हेलिकॉप्टर वर जात नाही

गावाबाहेरच्या मैदानात चुन्याने मोठा ‘एच’ आखलेला असतो. टँकरने पाणी मारून धूळ बसवलेली असते आणि बांबूच्या कठड्यामागे अर्धा गाव उभा असतो. कधी प्रचाराला पुढारी आलेले असतात, कधी नवरदेव. पंखा सुरू होतो, घरघर वाढत जाते, एका क्षणी आवाज बदलून जड होतो आणि हेलिकॉप्टर उचलतं. तेवढ्यात गर्दीतला एखादा जाणता माणूस शेजारच्या पोराला सांगतो, “बघ, आता पंखा जोरात फिरवला, म्हणून वर गेलं.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. हेलिकॉप्टर शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शाळेत व्याख्यानाला गेलो तरी हेच ऐकतो, इंजिनिअरिंगच्या मुलांकडूनही हेच, आणि उड्डाण शिकायला आलेल्या नव्या मुलांकडून तर हमखास. वर जायचं तर पंखा जोरात, खाली यायचं तर हळू. ऐकायला सरळ वाटतं, पण साफ चूक आहे. मैदानाच्या कठड्यामागे ही समजूत निरुपद्रवी असेल. वैमानिकाच्या आसनात ती जीवघेणी ठरते. म्हणून एकदाचं नीट सांगून टाकतो.

हेलिकॉप्टर जमिनीवर असतानाच पंखा पूर्ण वेगाला आणला जातो. त्या वेगाने तो फिरत असतो, वैमानिक तपासण्या करत असतो, आणि हेलिकॉप्टर मात्र जमिनीवर बसून असतं. वेगामुळेच ते उचललं जात असतं, तर त्याच वेळी उचललं गेलं असतं. तसं होत नाही, कारण तोवर पाती जवळजवळ सपाट असतात. ती हवा कापत असतात, खाली ढकलत नसतात. मग वैमानिक डाव्या हाताशी असलेला दांडा वर ओढतो. त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. त्याने सगळ्या पात्यांचा कोन एकाच वेळी, सारखाच वाढतो. पंख्याचे फेरे तेवढेच राहतात. पाती फक्त तिरपी होतात आणि हवा खाली लोटायला लागतात. स्कूटरवर मागे बसून तळहात वाऱ्यात आडवा धरा आणि पुढची कड थोडी उचला. हात वर उचलला जातो. स्कूटरचा वेग वाढलेला नसतो.

गर्दीला ऐकू येतो तो बदललेला आवाज याच क्षणाचा. पात्यांनी हवेला चावा घेतलेला असतो. तो जड आवाज आपण वेग समजतो.

तरी पटत नसेल, तर पुरावा तुमच्या फोनमध्येच सापडेल. पाती अगदी स्थिर दिसतात आणि हेलिकॉप्टर तसंच वर तरंगत जातं, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कॅमेऱ्याची प्रत्येक चौकट टिपली जाते तेव्हा दर वेळी एखादं पातं बरोबर त्याच जागी आलेलं असतं, म्हणून तसं दिसतं. आता विचार करा. वर जाताना पंख्याचा वेग वाढला असता, तर हा मेळ बिघडून पाती फिरताना दिसली असती. ती उड्डाणभर स्थिर दिसतात, कारण फेरे बदललेलेच नसतात. लोक हा व्हिडिओ चमत्कार म्हणून पुढे पाठवतात. तो आमच्या विषयाचा पहिला धडा आहे.

या गैरसमजाला अलीकडे ड्रोनने खतपाणी घातलं आहे. लग्नात फोटो काढणारा चार पंख्यांचा ड्रोन खरोखरच पंख्यांचा वेग कमी-जास्त करून उडतो, कारण त्याचे पंखे हलके असतात आणि क्षणात वेग बदलतात. माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरचा पंखा जड असतो, त्याचा वेग बदलायला वेळ लागतो. रॉबिन्सन आर-22 हे शिकाऊ मुलांचं लहानसं, दोन आसनांचं हेलिकॉप्टर. त्याचा पंखा सुमारे 25 फूट व्यासाचा आणि मिनिटाला सुमारे 530 फेरे घेणारा. हिशोब केला तर पात्याचं टोक ताशी 760 किलोमीटरच्या आसपास धावत असतं. एवढा पंखा दर वळणाला, दर झुळुकीला वेगवान आणि मंद करत बसलो, तर हवेत टिकणं अशक्य होईल. पात्याचा कोन मात्र मनगटाच्या हालचालीसरशी बदलतो. मंगळावर 19 एप्रिल 2021 रोजी उडालेलं नासाचं चिमुकलं इन्जेन्युइटी वजनाने 2 किलोही नव्हतं, तरी तेसुद्धा पात्यांचे कोन बदलूनच सावरलं जात होतं.

कोन वाढला की पात्यांना हवेचा विरोधही वाढतो. फेरे टिकवायचे तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. सायकलवर चढ आला की पायांची लय तीच ठेवून आपण जोर वाढवतो, तसंच. हे काम आता बहुतेक हेलिकॉप्टरांत गव्हर्नर नावाचं उपकरण करतं. काही नव्या हेलिकॉप्टरांत हवेच्या घनतेनुसार किंवा आवाज कमी ठेवण्यासाठी फेरे थोडेफार बदलले जातात, पण ते वर-खाली जाण्यासाठी नव्हे.

आता हा गैरसमज जीवघेणा का, ते सांगतो. समजा, इंजिनाची ताकद पुरत नाही आणि पंख्याचे फेरे उतरायला लागलेत. आर-22 मध्ये फेरे 97 टक्क्यांवर आले की भोंगा वाजतो, आणि नेहमीचे फेरे असतात 101 ते 104 टक्के. म्हणजे मधे जागा किती, तर बोटभर. हेलिकॉप्टर खाली बसतंय असं वाटल्याबरोबर शिकाऊ मुलाचा हात आपोआप दांडा वर ओढतो, कारण ‘दांडा वर म्हणजे पंखा जोरात’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. घडतं नेमकं उलट. कोन वाढतो, विरोध वाढतो, फेरे आणखी पडतात आणि शेवटी पाती हवेला धरेनाशी होतात. तिथून परत येता येत नाही. भोंगा वाजला की दांडा खाली आणि थ्रॉटल वाढवायचा. जमीन जवळ असताना दांडा खाली ढकलायला मन धजत नाही, तरीही. रॉबिन्सन कंपनीने आपल्या दहाव्या क्रमांकाच्या सुरक्षा सूचनेत हीच प्रतिक्रिया वैमानिकाच्या हातात मुरलेली असली पाहिजे, असं बजावून सांगितलं आहे. फेरे न सांभाळणं हे हलक्या हेलिकॉप्टरांच्या प्राणघातक अपघातांचं एक मुख्य कारण असल्याचं तिथेच लिहिलं आहे.

दुसरा गैरसमज हॉवरचा. एका जागी तरंगणं म्हणजे हेलिकॉप्टरची विश्रांती, असं वाटतं. प्रत्यक्षात साध्या उड्डाणातला सर्वांत अवघड धडा तोच. शिकाऊ मुलाला जमिनीपासून पाचेक फुटांवर हेलिकॉप्टर धरायला दिलं की पहिल्या दहा सेकंदांत काय होतं, ते मी डोळे मिटूनही सांगू शकतो. गुडघ्यांमधली दांडी, म्हणजे सायक्लिक, तो मुठीत आवळतो. हेलिकॉप्टर जरा उजवीकडे सरकलं की दांडी डावीकडे दाबतो. क्षणभर काहीच होत नाही, म्हणून आणखी दाबतो. मग दोन्ही दाबांचा परिणाम एकदम येतो आणि हेलिकॉप्टर डावीकडे झेपावतं. आता तो उजवीकडे दाबतो, आणखी मोठ्याने. झोका वाढत जातो. शेवटी मला म्हणतो, “सर, हात लावला की पळतंय हे!” मी त्याला सांगतो, “हात लाव, आवळू नकोस. मनगट मांडीवर टेकव, दोन बोटांत दांडी धर आणि नजर समोरच्या लांबच्या झाडावर ठेव. नाकापुढच्या गवताकडे बघू नकोस.” सायक्लिक हलवायची नसते, तिच्यावर दाब द्यायचा असतो, आणि हेलिकॉप्टर परत येण्याआधीच तो दाब सोडायचा असतो. हे बोटांत उतरायला काही तास जातात. मग एका सकाळी ते हेलिकॉप्टर एका जागी उभं राहतं, आणि मुलाला स्वतःलाच कळत नाही की काय वेगळं केलं.

एक हात हलला की बाकी सगळं बिघडतं, हेही इथेच कळतं. कलेक्टिव्ह वर ओढला की नाक वळतं, म्हणून पेडल दाबावं लागतं. पेडल दाबलं की शेपटीच्या पंख्याचा रेटा बदलून हेलिकॉप्टर बाजूला सरकतं, म्हणून सायक्लिक. शिवाय हॉवरला ताकदही जास्त लागते. 16 ते 24 नॉटचा वेग आला की पंख्याला ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि तीच ताकद जास्त उचलायला लागते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या हेलिकॉप्टर हस्तपुस्तिकेत हेच आकडे आहेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

पेडल म्हणजे गाडीचं स्टिअरिंग नव्हे. मोठा पंखा एका दिशेला फिरतो तेव्हा अंग उलट्या दिशेला फिरू पाहतं. शेपटीचा पंखा ते थोपवतो आणि पेडलने त्याच्या पात्यांचा कोन बदलतो. अमेरिकी हेलिकॉप्टरांत ताकद वाढवताना सहसा डावं पेडल लागतं. नाशिकला भूदलाच्या हवाई प्रशिक्षण शाळेत चीता आणि चेतकवर शिकणाऱ्यांना उजवं, कारण मूळच्या फ्रेंच घडणीचा त्यांचा पंखा उलटा फिरतो.

हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ खाली उतरवत नाहीत. ताकद लावलेली असताना, पुढचा वेग जवळपास नसताना भराभर खाली आलं तर ते स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत सापडतं. दांडा आणखी ओढला की आणखी खचतं. म्हणूनच मैदानावर येताना ते तिरक्या रेषेत येतं.

आणि इंजिन बंद पडलं की दगडासारखं पडतं, हा गैरसमज. वैमानिकाने तत्काळ कलेक्टिव्ह खाली केला, तर खालून वर येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. त्या फिरण्यात साठलेली शक्ती शेवटच्या काही फुटांत पात्यांचा कोन वाढवून वापरायची आणि टेकायचं. याचा सराव प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून करून घेतला जातो. 21 जून 1972 रोजी फ्रेंच वैमानिक झाँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. तिथे इंजिन विझलं आणि पुन्हा पेटलं नाही. ते इंजिनाशिवाय जमिनीपर्यंत आले, सुखरूप. आपल्याकडे चीता म्हणतात ते हेच हेलिकॉप्टर. सियाचीनमध्ये जवानांना रसद पोचवत आलं आहे.

पुढच्या वेळी गावात हेलिकॉप्टर आलं की आधी पात्यांच्या टोकांकडे बघा. पूर्ण वेगाने फिरत असतानाही ती जवळजवळ सपाट दिसतील. मग आवाज जड होईल आणि उचलताना टोकं वर वाकतील, कारण आता वजन त्यांच्यावर आलेलं असेल. शेजारी एखादं पोर उभं असेल, तर त्याला तेवढं दाखवा.