तांब्याभर पाण्यातील उजळणी

परीक्षा जवळ आली की विज्ञानाच्या वहीचे काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. व्याख्या लाल शाईने अधोरेखित होतात, सूत्रांची चिठ्ठी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटते, आणि आदल्या रात्री 'वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय' हे वाक्य पंधराव्यांदा म्हटले जाते. एवढे करूनही प्रश्न जरा फिरवून विचारला की पेन थबकते. असे का व्हावे? व्याख्या पाठ असतात, पण त्यांचे एकमेकींशी नाते जुळलेले नसते, हे त्याचे मोठे कारण आहे. म्हणून या लेखात आपण पुस्तक बाजूला ठेवू आणि घरातील एक तांब्याभर, म्हणजे साधारण एक लिटर, पाणी समोर घेऊ. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांतील किती गोष्टी सापडतात ते पाहू.

प्रथम वजन. या पाण्याचे वस्तुमान किती? एक किलोग्रॅम. आणि वजन? येथे अनेकजण 'एक किलोग्रॅम' असेच लिहून मोकळे होतात. दुकानदाराशी बोलताना ते चालते, उत्तरपत्रिकेत चालत नाही. वजन म्हणजे पृथ्वी त्या पाण्याला ज्या बलाने ओढते ते बल. ते सुमारे ९.८ न्यूटन. हाच तांब्या चंद्रावर नेला तर वस्तुमान एक किलोग्रॅमच राहील, वजन मात्र सुमारे १.६ न्यूटन भरेल. एक लिटर पाण्याचे वस्तुमान इतके नेमके एक किलोग्रॅम कसे, असे कधी मनात आले का? हा योगायोग नव्हे. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरविला गेला तोच एक घनसेंटिमीटर पाण्यावरून. पुढे १८८९ पासून प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा, पॅरिसजवळ जपून ठेवलेला एक ठोकळा हे किलोग्रॅमचे प्रमाण होते. २० मे २०१९ पासून तोही निवृत्त झाला. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. घरी एखादे जुने पुस्तक असेल आणि त्यात ठोकळ्याचीच व्याख्या दिलेली असेल, तर तेथे पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवा.

आता त्या पाण्यात बर्फाचा खडा टाका. तो तरंगतो, कारण बर्फाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९१७ ग्रॅम, पाण्यापेक्षा कमी. पेला काठोकाठ भरलेला असून त्यात बर्फ तरंगत आहे. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? हा प्रश्न परीक्षकांचा फार आवडता. उत्तर पाठ करू नका, हिशेब करा. १२० ग्रॅम बर्फाचे आकारमान सुमारे १३१ घनसेंटिमीटर. तरंगणारा पदार्थ स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो, म्हणजे १२० ग्रॅम, म्हणजेच १२० घनसेंटिमीटर. उरलेले ११ घनसेंटिमीटर पाण्याच्या वर डोकावत असतात. बर्फ वितळला की त्याचे १२० घनसेंटिमीटर पाणी होते आणि ते त्या बाजूला सारलेल्या जागेत बरोबर मावते. एक थेंबही सांडत नाही. आर्किमिडीजचे तत्त्व, घनता आणि अवस्थांतर असे तीन धडे या एका पेल्यात आले. पाण्याच्या असंगत आचरणाचा धडाही यालाच लागून आहे. ० ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवताना पाणी प्रसरण पावण्याऐवजी आकुंचन पावते, म्हणून ४ अंशाचे पाणी सर्वांत जड ठरते आणि तळाशी जाते. दल सरोवर गोठते ते वरून खाली. तळाचे मासे जिवंत राहतात.

यानंतरच्या भागाशी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण येथे सर्वांत जास्त गुण जातात. तो भाग म्हणजे उष्णता आणि तापमान यांतील फरक, आणि त्याचे सख्खे भावंड अप्रकट उष्मा.

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास एक कॅलरी उष्णता लागते. (ज्यूलमध्ये हवे असेल तर ४.१८ ने गुणा.) हिवाळ्यातल्या सकाळी पाणी २० अंशाला असेल, तर ते १०० अंशापर्यंत नेण्यास दर ग्रॅमला ८० कॅलरी लागतील. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाच्याच पाण्यात रूपांतर करण्यासही ८० कॅलरीच लागतात! म्हणजे गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता बर्फाने गिळली, आणि तापमापी जागची हलली नाही. ही उष्णता गेली कोठे? बर्फातील रेणूंची घट्ट बांधणी सोडविण्यात. ती तापमापीवर प्रकट होत नाही म्हणून ती 'अप्रकट'. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ही गोष्ट प्रथम ओळखली.

पाण्याची वाफ करण्यास तर दर ग्रॅमला ५४० कॅलरी लागतात. त्याच आचेवर २० अंशाचे पाणी उकळायला ८ मिनिटे लागली, तर ते सगळे आटायला आणखी ५४ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात उष्णता इकडेतिकडे जाते, म्हणून आकडे इतके नेमके येणार नाहीत. पण मोठ्या माणसांच्या देखत वाटीभर पाण्यावर हा प्रयोग जरूर करून पाहा. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्याहून भयंकर का, याचेही उत्तर येथेच आहे. १०० अंशाचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या ३७ अंशापर्यंत निवताना ६३ कॅलरी देते. तेवढीच वाफ आधी पाणी होताना ५४० आणि मग ६३, अशा ६०३ कॅलरी देते. जवळजवळ साडेनऊपट!

आता एक गणित. १०० ग्रॅम पाणी २० अंशाला आहे. त्यात शून्य अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकला. अंतिम तापमान किती? सूत्रात आकडे घातले की बर्फाने घेतलेली उष्णता ४००० अधिक ५० गुणिले अंतिम तापमान, पाण्याने दिलेली १०० गुणिले २० वजा अंतिम तापमान. सोडवले की उत्तर येते उणे १३.३ अंश. ते लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. जरा विचार करा. शून्य अंशाचा बर्फ आणि २० अंशाचे पाणी एकत्र आले; त्यांतून दोघांपेक्षाही गार काही निर्माण होईल कसे? बीजगणितात चूक नाही. चूक आहे ती 'सगळा बर्फ वितळला' या न तपासलेल्या गृहीतात. पाणी शून्यावर येईपर्यंत फार तर २००० कॅलरी देऊ शकते, सगळा बर्फ वितळायला ४००० हव्यात. म्हणून फक्त २५ ग्रॅम बर्फ वितळतो आणि मिश्रण शून्य अंशावर राहते: १२५ ग्रॅम पाणी, २५ ग्रॅम बर्फ. हेच गणित पाणी ६० अंशाचे घेऊन करा. आता ६००० कॅलरी उपलब्ध आहेत. ४००० बर्फ वितळविण्यात जातात, उरलेल्या २००० कॅलरी १५० ग्रॅम पाण्याला तापवतात, आणि उत्तर येते अधिक १३.३ अंश. शिक्षकांना विनंती अशी, की ही दोन्ही उदाहरणे फळ्यावर शेजारी शेजारी सोडवून घ्यावीत.

बाष्पीभवन आणि उकळणे यांचीही अशीच गल्लत होते. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला, पण फक्त पृष्ठभागावरून होते. उकळणे ठराविक तापमानाला आणि सर्व द्रवात होते. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की. म्हणून बाहेरचा दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो. कुकरमध्ये दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट, म्हणून पाणी सुमारे १२० अंशाला उकळते आणि डाळ लवकर शिजते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये ते ८८ अंशाच्या आसपासच उकळते. तेथे उघड्या पातेल्यातली डाळ तुमची परीक्षाच पाहील. आणि माठ? १० लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी झिरपून उडून गेले, तर त्याला सुमारे ५८,००० कॅलरी लागतात. (३० अंशाच्या आसपास दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी लागतात, ५४० नव्हे.) ही उष्णता सगळी आतल्या पाण्यातून घेतली गेली, तर ते जवळजवळ ६ अंशांनी गार होईल. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात माठ मुंबईपेक्षा चांगले काम का करतो, हे आता तुम्हीच सांगा.

रसायनाकडे वळू. १८०० साली, व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी लंडनला पोचताच निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यातून वीज सोडून त्याचे घटक वेगळे केले. ऋणाग्रापाशी हायड्रोजन, धनाग्रापाशी ऑक्सिजन. आकारमानाचे प्रमाण २ : १. वस्तुमानाचे प्रमाण मात्र १ : ८. दोन्ही खरी आहेत. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या १६ पट जड, पण हायड्रोजनचे रेणू दुप्पट. म्हणून २ ला १६, म्हणजेच १ ला ८. प्रश्नात 'आकारमानाने' लिहिले आहे की 'वस्तुमानाने', ते आधी वाचा. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे, हा पाण्याचा एक मोल. त्यात ६,०२२ वर २० शून्ये दिली की होतील तितके रेणू असतात. आपल्या तांब्यात असे सुमारे साडेपंचावन्न मोल आहेत.

प्रकाशासाठी तांब्यात एक नाणे टाकून वरून पाहा. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणून तळ खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावर आल्यासारखा दिसतो. परासरणासाठी स्वयंपाकघरात जा. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, आणि मीठ घालून ठेवलेल्या काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटते. पाणी दोन्ही ठिकाणी पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडेच चालले आहे.

शेवटी हेच पाणी तुळशीला घाला आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कोठून येतो? बहुतेकजण कार्बन डायऑक्साइडचे नाव घेतात. व्हॅन नील यांनी असे जीवाणू अभ्यासले, की जे पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक बाहेर टाकतात. मग झाडांचा ऑक्सिजन पाण्यातूनच येत असला पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. १९४१ साली रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी शैवालाला दिले. बाहेर आलेल्या वायूत तो जड ऑक्सिजन सापडला.

आता आपले नेहमीचे समीकरण घ्या: कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू, पाण्याचे ६ रेणू, त्यांपासून ग्लुकोजचा १ आणि ऑक्सिजनचे ६ रेणू. ते संतुलित आहे. पण ऑक्सिजनच्या ६ रेणूंत १२ अणू असतात आणि पाण्याच्या ६ रेणूंत ऑक्सिजनचे अणू सहाच. सगळा ऑक्सिजन पाण्यातून यायचा तर डावीकडे पाण्याचे १२ रेणू हवेत, आणि उजवीकडे पाण्याचे नवे ६ रेणू तयार झालेले दाखवायला हवेत. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे अणू दोन्ही बाजूंना मोजून पाहा: ६, २४ आणि २४.