नाकाच्या उंचीवरचा धूर

चंद्रपुरात हवेचा विषय निघाला की बोट आधी थर्मलच्या चिमण्यांकडे जाते. ते उगाच नाही. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि भोवती खुल्या कोळसा खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथे आले होते. जास्त गुण म्हणजे जास्त घाण, तेव्हा पेढे वाटण्याजोगा हा निकाल नव्हता.

लोकांचा पुरावा म्हणजे गच्चीवरची राख आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली काळी धूळ. पुरावा खरा, पण अपुरा. डोळ्यांना दिसणारा कण बहुधा नाका-घशातच अडकतो. फुफ्फुसात खोलवर उतरतो तो अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक. चिमणीतली बरीचशी राख विद्युतभाराने ओढून पकडता येते. सल्फर डायऑक्साइड मात्र वायू असल्याने त्या सापळ्यातून निसटतो आणि वाऱ्यावर दूर जाता जाता त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. त्यामुळे कपडे स्वच्छ वाळले म्हणजे हवाही स्वच्छ होती, असे मुळीच नाही.

आता सिगडी. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत दगडी कोळशाची सिगडी पेटते. कोळसा हाताशी आहे, स्वस्त आहे, आणि धूर आपलाच, मग तक्रार कुणाकडे करायची? घरातल्या धुराचा आयुष्यभर अभ्यास केलेले कर्क स्मिथ एक ढोबळ हिशोब मांडत: घरात सुटलेला प्रदूषक कुणाच्या तरी श्वासात जाण्याची शक्यता बाहेर सुटलेल्यापेक्षा साधारण हजारपट असते. उंच चिमणीचा धूर वर पसरतो, सिगडीचा नाकासमोरच घुटमळतो. त्यातही हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार थर अशी उलटी रचना झाली, की धुराला वर जायला वाटच उरत नाही. सिगडी अंगणात पेटवायची आणि धूर गेल्यावर आत आणायची, ही खबरदारी बरी. पण लाल निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

हा हिशोब ऐकून कोणी ‘बघा, लोकच प्रदूषण करतात’ म्हणेल, तर तो लबाडी करतो आहे. सिलिंडर परवडला असता तर कोळसा कुणी हौसेने फुंकला नसता. शिवाय सिगडी विझली तरी सल्फेट यायचे थांबत नाहीत. औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्येच ठरली. मग मुदतीमागून मुदत वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तर देशातल्या बहुतेक केंद्रांना हा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत मात्र प्रत्येकाचा वेगळा विचार करून निर्णय घ्यायचा आहे.