अक्का कसलं शास्त्र शिकते?

माझी चुलत बहीण अक्का या वर्षी सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. तिचा विषय आहे सूक्ष्मजीवशास्त्र. त्यालाच मायक्रोबायॉलॉजी म्हणतात. हे नाव नीट म्हणायला मला दोन दिवस लागले. आमची आजी त्याला 'जंतूंची शाळा' म्हणते. "जंतू बघायला सोलापूरला कशाला जायचं? आपल्या गोठ्यात काय कमी हायेत?" असे ती सगळ्यांना सांगत होती. दिवाळीच्या सुट्टीत अक्का घरी आली तेव्हा मी तिला तिथे काय शिकवतात ते विचारून घेतले. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी माहितीचा लेख मागितला होता, म्हणून तेच लिहीत आहे.

पहिल्या आठवड्यात म्हणे कोणी जंतू दाखवतच नाही. आधी शिस्त. पांढरा ॲप्रन घालायचा, केस बांधायचे, नखे कापायची, प्रयोगशाळेत काही खायचे नाही. काम सुरू करताना टेबल औषधाने पुसायचे आणि संपल्यावर परत पुसायचे. मी म्हणालो, "हे तर आमच्या परिपाठासारखंच आहे. नखं तर आमची पण बघतात."

मग सगळे सामान निर्जंतुक करायचे. त्यासाठी तिथे एक मोठा कुकर असतो. त्याचे नाव ऑटोक्लेव्ह. त्यात १५ पौंड दाबाची वाफ कोंडतात, म्हणजे उष्णता १२१ अंश सेल्सिअस होते. तशी १५ मिनिटे ठेवतात. पाणी नुसते उकळले तर १०० अंशच होते. काही जंतू जाड कवच करून बसतात, ते तेवढ्याने मरत नाहीत.

जंतू किती लहान असतात? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एकदोन भागांएवढे. पट्टीवरचा एक मिलिमीटर बघा म्हणजे कळेल. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून वस्तू हजारपट मोठी दिसते. जंतूंना रंग नसतो म्हणून ते रंगवावे लागतात. डेन्मार्कच्या ग्रॅम नावाच्या डॉक्टरांनी १८८४ साली ही युक्ती काढली. आधी जांभळा रंग लावतात, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुतात, मग लाल रंग. काही जंतू जांभळे राहतात आणि काही गुलाबी होतात. अक्काने दह्यातले जंतू पाहिले. ते जांभळे होते आणि काडीसारखे लांबट होते. आजी म्हणाली, "म्हणजे मी रोज रात्री इरजण लावते, ते जंतूच घालते व्हय?" अक्का म्हणाली, "होय आजी. आम्ही तेच करतो, फक्त काचेच्या नळीत." तेव्हापासून आजी जंतूंच्या शाळेला नावे ठेवत नाही.

जंतू वाढवायला काचेची झाकण असलेली बशी लागते. तिला पेट्रीची बशी म्हणतात. पेट्री हे जर्मन माणसाचे नाव आहे. त्यांनी ती १८८७ साली काढली. त्याआधी कॉक नावाचे मोठे शास्त्रज्ञ उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवत. पण बटाट्यावर सगळे जंतू वाढत नाहीत. मग त्यांनी जिलेटिन वापरले, तर ते उन्हाळ्यात वितळायचे. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका डॉक्टरांच्या बायकोने, फॅनी हेसे यांनी, १८८१ साली सुचवले की अगर वापरून बघा. त्या स्वयंपाकात ते वापरत. अगर म्हणजे आपले दुकानात मिळणारे चायना ग्रास! ते समुद्रातल्या शेवाळापासून करतात. मला ही गोष्ट फार आवडली. आईला तर माझ्यापेक्षा जास्त आवडली.

अक्काच्या वर्गात सगळ्यांनी न धुतलेले बोट बशीवर एका बाजूला टेकवले आणि साबणाने धुतलेले बोट दुसऱ्या बाजूला. बशी ३७ अंशाच्या उबदार कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी न धुतलेल्या बाजूला ठिपकेच ठिपके. धुतलेल्या बाजूला थोडे होते, पण होतेच. एकेका ठिपक्यात लाखो जंतू असतात. अन्न आणि ऊब मिळाली तर काही जंतू २० मिनिटांत एकाचे दोन होतात. मी वहीत करून बघितले. तीन तासांनी ५१२ होतात. दहा तासांनी १०७ कोटींच्या वर जातात. गुरुजींनी गणित तपासले, बरोबर आहे. मात्र अन्न संपले की वाढ थांबते, नाहीतर आपल्याला उभे राहायला जागा उरली नसती.

शेजारचे काका विचारत होते की हे शिकून पुढे काय करायचे. अक्का म्हणाली, दूध डेअरीत, औषधाच्या कारखान्यात, पाणी तपासायला अशी माणसे लागतात. मळीपासून अल्कोहोल करतात तेही यीस्ट नावाचे सूक्ष्मजीवच करतात. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन पिकाला देतात. बियाण्याला चोळायचे पाकीट येते त्यात तेच असतात. आणि मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन साहेबांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

आता आमच्या घरची गोष्ट. श्रावणात माझ्या धाकट्या भावाला जुलाब आणि उलट्या झाल्या. तो तीन वर्षांचा आहे. त्याला दवाखान्यात सलाईन लावले. त्याचे डोळे आत गेले होते आणि तो रडतही नव्हता. आई तेव्हापासून म्हणायची, नळाचे पाणीच खराब आहे.

अक्काने येताना पाणी तपासायच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. ही बाटली ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली शोधून काढली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायचे. पाण्यात शौचाच्या घाणीतले जंतू असतील तर ते एक वायू सोडतात, तो कागदातल्या लोखंडाला मिळतो आणि पाणी काळे होते. एका बाटलीत अक्काने नळाचे पाणी भरले, दुसरीत आमच्या माठातले. दोन्ही चुलीजवळच्या फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी माठाची बाटली काजळासारखी काळी झाली. नळाची दोन दिवसांनीही तशीच होती.

अक्काने विचारले, "माठातलं पाणी कोण कसं घेतं?" मी काहीच बोललो नाही. कारण मी तांब्या मनगटापर्यंत आत बुडवतो. गोट्या खेळून आलो, गोठ्यातून आलो, तरी तसाच. आई ओरडायची, पण तहान लागल्यावर कोण ऐकतो? शेवटी मी सांगितले. मी विचारले, "बाळ माझ्यामुळे आजारी पडला का?" अक्का म्हणाली, "ते आता सांगता यायचं नाही. तेव्हाचं पाणी आता कुठून आणायचं?" त्या रात्री मला झोप आली नाही.

काळ्या बाटलीत अक्काने टीसीएल पावडर टाकली आणि मगच ती लांब खड्ड्यात ओतली. आईने माठ घासून उन्हात ठेवला. आबांनी बाजारातून लांब दांड्याचे ओगराळे आणले. ते माठाशेजारी खिळ्याला टांगले आहे. मी आता त्यानेच पाणी घेतो आणि बाळालाही मीच देतो.

अक्का परवा सोलापूरला गेली. जाताना तिसरी बाटली माझ्याकडे देऊन गेली. काल सकाळी मी साबणाने हात धुऊन तिच्यात माठातले पाणी भरले आणि फळीवर ठेवली. आज शाळेत यायच्या आधी बघितली. अजून काळी झालेली नाही. उद्या सकाळी दोन दिवस पूर्ण होतील.