हिरोहाटांची मर्क्युरी : नाव मालकाचे, हात कोणाचे?

मोटारींचा इतिहास म्हणजे बहुधा कारखानदारांचा इतिहास असतो. आम्ही येथे एकाच मोटारीची हकीकत सांगणार आहोत. ती कारखान्यातून पुरी होऊन बाहेर पडली आणि नंतर हाताने पुन्हा घडविली गेली.

ही मोटार म्हणजे फोर्ड कंपनीची १९५१ सालची मर्क्युरी. फोर्डच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागीच उभा राहतो. एकाने चाक बसवावयाचे, दुसऱ्याने दार. बाहेर पडतात त्या एकीसारख्या एक हजारो गाड्या. आणि ‘ही मी केली’ असे त्यांपैकी एकाही गाडीकडे बोट दाखवून कोणाला म्हणता येत नाही. १९४१ साली संप झाल्यावर फोर्डने युनियनला मान्यता दिली. कामगाराला मजुरीबद्दल बोलण्याचा हक्क मिळाला. आपल्या कामावर नाव घालण्याचा हक्क मात्र त्या पद्धतीत बसणाराच नव्हता.

बॉब हिरोहाटा या तरुणाने १९५२ साली आपली मर्क्युरी लॉस एंजेलिसजवळच्या लिनवूड येथे बॅरिस बंधूंच्या कारखान्यात नेली. सॅम बॅरिस पत्र्याचा कारागीर. धाकटा जॉर्ज रंग, कल्पना आणि प्रसिद्धी सांभाळणारा. सॅमने यापूर्वी स्वतःच्या मर्क्युरीचे छप्पर कापून खाली आणले होते.

छप्पर कापणे म्हणजे काय? काचांच्या बाजूचे खांब कापून आखूड करावयाचे. येथे पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच कापले. पण खांब तिरके असतात. ते आखूड केले की छपराच्या कडा मूळ जागी जुळत नाहीत. म्हणून पत्रा कापून, वाकवून पुन्हा सांधावा लागतो. शिवाय दोन काचांमधला खांबच काढून टाकला, तेव्हा खिडकीची वळणदार चौकट नव्याने करावी लागली. बाजूची चकचकीत पट्टी ब्यूइकची, पुढच्या जाळीचे भाग फोर्डचे, मागील चाकांपुढच्या झरोक्यातले दात शेव्हरोलेचे. वर फिकट हिरवा रंग, खाली गडद हिरवा.

सांधे झाकण्यासाठी शिसे तापवून मऊ करीत, लाकडी पट्टीने थापीत आणि कानशीने सपाट करीत. त्यामुळेच अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असे नाव पडले. बघणाऱ्याला सांधा दिसू नये, हीच या कामाची परीक्षा. पण शिशाचा धूर आणि कीस शरीरात गेला तर विषच. हे चकाकी पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आम्ही आयुष्य कामगारांत घालविले, म्हणून आमची नजर आधी तेथे जाते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या मोटोरामा प्रदर्शनात ही गाडी झळकली आणि ‘हिरोहाटा मर्क’ म्हणून गाजली. हिरोहाटा जपानी वंशाचे अमेरिकन होते. १९४२ पासून सरकारने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्याच वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना छावण्यांत डांबले होते. त्याच किनाऱ्यावर दहा वर्षांनी एका जपानी आडनावाची गाडी पाहण्यास गर्दी लोटावी, ही गोष्ट लहान नव्हे.

मालकाने केवळ पैसे मोजले असेही नाही. आतल्या फळीवरील रंगीत थरांच्या मुठी हिरोहाटांनी स्वतः घडविल्या. १९५३ साली कॅडिलॅकचे इंजिन बसवून ते सुमारे २००० मैलांवरील इंडियानापोलिसपर्यंत गेले आणि त्या प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी मासिकात लिहिला. १९८१ साली त्यांचा खून झाला. गुन्हेगार सापडला नाही.

गाडी मात्र टिकली. १९५९ साली एका शाळकरी मुलाने ती ५०० डॉलरला घेतली आणि मरेपर्यंत विकली नाही. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या यादीत तिची नोंद झाली. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात बोली १९ लाख ५० हजार डॉलरवर गेली.

आता हिशेब पाहा. त्या साच्याच्या मर्क्युरी असंख्य निघाल्या. हिची किंमत वाढली ती तिच्यावर पडलेल्या हातांमुळे. नाव मालकाचे राहिले, कीर्तीचा मोठा वाटा जॉर्जला मिळाला, आणि पत्रा कापणारा सॅम १९६७ सालीच वारला. कोणतीही सुंदर वस्तू पाहताना ती कोणाची, हे आपण विचारतोच. ती कोणी केली, हेही त्याच दमात विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.