उपासनेच्या चौकटीतील रॉक संगीत : एका अल्बमचे रसग्रहण

रॉक संगीताचा पवित्र उपासनेशी काय संबंध, असा प्रश्न अनेक भाविकांना पडतो. गिटार आणि ड्रम्सच्या गजरात प्रार्थनेला स्थान नसते, असे आपण गृहीत धरतो. हा समज पुन्हा तपासून पाहण्यास लावणारी एक कलाकृती म्हणजे अमेरिकन गायक व गीतकार रिच मलिन्स यांचा 'अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगामफिन बँड' हा १९९३ साली प्रकाशित झालेला अल्बम होय.

शीर्षकातच अल्बमचा आशय सामावला आहे. 'लिटर्जी' म्हणजे उपासनाविधी, 'लेगसी' म्हणजे वारसा आणि 'रॅगामफिन' म्हणजे फाटक्यातुटक्या वेषातील पोर. हा शेवटचा शब्द ब्रेनन मॅनिंग या माजी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या 'द रॅगामफिन गॉस्पेल' (१९९०) या ग्रंथावरून घेतला आहे. देवाची कृपा थकल्याभागल्या, अपयशी माणसांसाठीही आहे, हे त्या ग्रंथाचे सूत्र आहे.

अल्बमच्या पूर्वार्धाची रचना मिस्साविधीची आठवण करून देते. आरंभीच्या गीतानंतर यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५२ व्या अध्यायाच्या १० व्या वचनावर आधारलेले गीत येते. पुढे सृष्टीच्या सौंदर्यातून देवाची स्तुती होते. त्यानंतर आपली दुर्बलता मान्य करून येशूकडे केलेली आर्त विनवणी ऐकू येते. मग 'क्रीड' या गीतात प्रेषितांचा विश्वासांगीकार गायिला जातो आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळच्या शांतीच्या आशीर्वादाने हा भाग पूर्ण होतो. उत्तरार्धाचा प्रारंभ शब्दविरहित वाद्यसंगीताने होतो. वेदीपासून निघालेला भाविक आता आपल्या दैनंदिन जीवनात, आपल्या भूमीत आणि तिच्या सुखदुःखांत परततो.

'क्रीड'मध्ये लोकसंगीताचा प्रभाव विशेष जाणवतो. तेथे हॅमर्ड डल्सिमर हे वाद्य प्रमुख आहे. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारांवर लहान हातोड्यांनी आघात करून ते वाजविले जाते. आपल्या परिचयाच्या संतूरचे ते भावंडच. शतकानुशतके ख्रिस्तसभेने उच्चारलेले शब्द आणि सामान्य जनांचे वाद्य यांचा येथे संगम होतो. येथे गायक स्वतःच्या भावनांचे प्रदर्शन मांडत नाही, तर पूर्वजांकडून लाभलेला विश्वास विनम्रपणे स्वीकारतो.

हे सारे क्वेकर परंपरेत वाढलेल्या कलावंताने रचावे, हे लक्षणीय आहे. कारण त्या परंपरेत ठरावीक उपासनाविधीला व बाह्य संस्कारांना स्थान नसते. मलिन्स यांना संत फ्रान्सिस यांच्याविषयी ओढ होती. आपल्या मिळकतीतून सर्वसाधारण कामगाराच्या वेतनाइतकीच रक्कम ते स्वतःसाठी घेत व उरलेली सत्कार्यासाठी जात असे. १९९५ साली ते न्यू मेक्सिकोतील नावाहो आदिवासींच्या प्रदेशात राहावयास गेले व तेथील मुलांना संगीत शिकवू लागले. अखेरच्या काळात त्यांनी कॅथलिक धर्मशिक्षणही घेतले. परंतु ख्रिस्तसभेत औपचारिक प्रवेश होण्यापूर्वीच १९ सप्टेंबर १९९७ रोजी रस्ता अपघातात, वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही गीते मिस्सेत गाण्यासाठी आहेत, असे येथे सुचवायचे नाही. उपासनेतील संगीताचे निकष वेगळे असतात. परंतु घरी शांतपणे, गीतांचा क्रम न मोडता हा अल्बम जरूर ऐकावा. आवडते एखादेच गीत निवडून ऐकल्यास त्यातील प्रवास हरवतो. आपल्या तरुणांना मिस्सा 'तीच ती' वाटते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. एका रॉक गायकाला मात्र त्याच क्रमात आपल्या गीतांसाठी भक्कम घर सापडले. वचन, स्तुती, विनवणी, विश्वास आणि शांती हा क्रम आपल्याला दर रविवारी सहज लाभतो. पुढच्या रविवारी तो नव्या कानांनी ऐकता आला, तर या अल्बमचे खरे रसग्रहण झाले असे म्हणता येईल.