स्टुडिओचं मीटर सुरू होण्याआधी: इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्डिंगचं खर्चाचं गणित

जिंगल, शॉर्ट फिल्मचं संगीत, स्वतःचं गाणं किंवा दुसऱ्यांसाठी सेशन गिटार, यातून कमाई करायची असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आकड्यांसकट इथे लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. स्टुडिओ तासावर पैसे घेतो. तुम्ही वाजवत असा, ट्यूनिंग करत असा की चहा पीत असा, मीटर चालूच. माझ्या दुकानात माल घेऊन टेम्पो आला की कुठला बॉक्स कुठल्या रॅकवर जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. टेम्पो आल्यावर जागा शोधत बसलो तर वेटिंग चार्ज माझ्याच खिशातून जातो. इथेही तसंच आहे. बिल स्टुडिओत येतं, पण ते किती येणार हे घरी ठरतं.

आधी हिशोब

समजा, एका जिमने ४० सेकंदांची जिंगल मागितली आणि तुम्ही ८,००० रुपये सांगितले. स्टुडिओ तासाला १,००० धरू. (आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावातला दर टाका.)

तयारी न करता गेलात:
- सेटिंग आणि आवाज शोधणं: २ तास
- तिथेच पार्ट बसवून वाजवणं: ३ तास
- ग्राहक म्हणाला, "गिटार जरा सॉफ्ट करा", म्हणून परत वाजवणं: २ तास

एकूण ७,००० गेले, हातात उरले १,०००.

तयारीने गेलात:
- सेटिंग: १ तास
- वाजवणं: २ तास
- आवाजातला बदल: १ तास

एकूण ४,०००, उरले ४,०००. काम तेच, ग्राहक तोच, पण नफा चौपट! आता हे जमवायचं कसं?

घरी करायची कामं

१. टेम्पो आणि बार ठरवा. १२० बीपीएमला ४० सेकंदांत ८० बीट बसतात, म्हणजे चार-चार बीटचे २० बार. कुठल्या बारला रिदम, कुठे लीड, कुठे गप्प बसायचं, हे कागदावर लिहा.

२. क्लिकवर सराव करा. मोबाइलवर मेट्रोनोम लावा आणि साधा डेमो रेकॉर्ड करा. हा डेमो आणि टेम्पो इंजिनिअरला आधीच पाठवा.

३. तारा बदला, पण एक-दोन दिवस आधी. नव्या तारा ताणल्या जाऊन स्थिर व्हायला वेळ घेतात. त्याच दिवशी बदलल्या तर दर टेकला ट्यूनिंग उतरेल.

४. इंटोनेशन तपासा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा आला पाहिजे. नाही आला तर आधीच सेटअप करून घ्या. हा दोष मिक्सिंगमध्ये नीट झाकता येत नाही.

स्टुडिओत गेल्यावर

ॲम्पसमोर साधारणपणे शुअर एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक लावतात. तो स्पीकरच्या मधोमध रोखला तर आवाज टोकदार येतो, कडेला सरकवला तर मऊ होतो. म्हणून आवाज आवडला नाही की लगेच ॲम्पची बटणं फिरवत बसू नका. आधी माइक थोडा सरकवायला सांगा. घरी वाजवताना ठेवता त्यापेक्षा डिस्टॉर्शनही कमी ठेवा, कारण जास्त डिस्टॉर्शनमध्ये सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर ऐकू येईल. चार्जर आणि डिमर लांब ठेवा, गिटार धरून जागेवरच थोडं वळून बघा. एका दिशेला ती घरघर कमी होते.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतोय? सहन करू नका, लगेच सांगा. बफर कमी केला की फरक पडतो.

रिदम भरदार हवा असेल तर तोच पार्ट दोनदा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्ही बाजूंना ठेवला तर रुंदी येत नाही, तोच आवाज मधोमध येतो. दोन वेळच्या वाजवण्यातला बारीक फरक हीच तर गंमत आहे!

सगळ्यात स्वस्त विमा: डीआय ट्रॅक

हा मुद्दा सोडू नका. डीआय बॉक्स गिटारचा सिग्नल दोन वाटांनी पाठवतो. एक ॲम्पकडे, दुसरा कोरा सिग्नल थेट कॉम्प्युटरमध्ये. उद्या ग्राहकाला आवाज बदलून हवा असेल तर तोच कोरा ट्रॅक दुसऱ्या ॲम्पमधून किंवा सॉफ्टवेअरमधून परत काढता येतो. याला री-ॲम्पिंग म्हणतात. वरच्या हिशोबात बदलाचा खर्च दोन तासांवरून एकावर आला, तो यामुळेच. मात्र लक्षात ठेवा, री-ॲम्पिंगने आवाज बदलतो. चुकलेला सूर किंवा हललेली लय सुधारत नाही.

निघण्याआधी

- सगळे ट्रॅक, डीआयसकट, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे पेनड्राइव्हवर सहज मावतं.
- जीएसटी, जास्तीचा वेळ आणि मिक्सिंग यांचे दर बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.
- ग्राहकाकडे किती बदल फुकट आणि त्यानंतर किती पैसे, हेही लेखी ठेवा. रेकॉर्डिंगचे हक्क कोणाचे, ते काम सुरू होण्याआधी ठरवा.

आता गृहपाठ. तुमच्या भागातल्या दोन स्टुडिओंना फोन करा, तासाचा दर विचारा, आणि डीआय ट्रॅक मिळेल का तेही विचारा. मग वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी परत मांडा. ग्राहकाला दर त्यानंतरच सांगा!