रापणकरांचे गाऱ्हाणे

जिंतूरच्या बाजारात सुकट आणि बोंबील विकावयास येतात. ज्या समुद्रातून ते येतात तो मात्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्या भागातील मुलांनी पाहिलेले मोठे पाणी म्हणजे येलदरीच्या धरणाचे. पूर्णा नदीच्या ह्या जलाशयात जाळे टाकणारा मच्छीमार जाळ्याच्या भोकांना ‘आस’ म्हणतो. आस मोठी असली, की लहान मासा निसटतो आणि पुढच्या वर्षी मोठा होऊन हाती लागतो. येवढी साधी गोष्ट समुद्रावर मात्र मोठ्या कलहाचे कारण झाली आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर ‘रापण’ नावाची मासेमारीची जुनी रीत आहे. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभी राहिलेली माणसे ओढू लागतात. ह्या कामास पुष्कळ हात लागतात. जाळे वाळूवर आले, की मासळीचे वाटे पडतात. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीस तो मिळणार. रापण त्याच्या मागे खोल समुद्रात जाऊ शकत नाही.

ट्रॉलरचे तसे नाही. ट्रॉलर ही यंत्राची नौका आपल्यामागे पिशवीच्या आकाराचे जाळे ओढीत नेते. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून त्याच्या दोन बाजूंस दोन जड फळ्या बांधलेल्या असतात. नौका चालू लागली, की पाण्याच्या जोराने त्या एकमेकींपासून दूर सरतात. जाळ्याच्या वरच्या दोरास तरंगणारे गोळे असतात, तर खालच्या दोरास शिसे किंवा साखळी असते. त्यामुळे जाळ्याचा खालचा काठ तळाला घासत जातो. तळाशी राहणारी कोळंबी चिखलातून उठते व सरळ पिशवीत जाते.

परंतु तळाशी केवळ कोळंबी नसते. शिंपले, खेकडे, चिखलात बिळे करणारे किडे, माशांची अंडी आणि बोटाएवढी पिल्ले हा सारा संसार तेथेच असतो. शेतकरी जमीन नांगरतो, पण तो नंतर पेरणी करतो. ट्रॉलरच्या फळ्या तीच ती जागा हंगामभर पुनःपुन्हा उकरतात आणि पेरीत मात्र काहीच नाहीत. गढूळलेला चिखल खाली बसतो तो तळाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांवर. पिशवीत सापडलेली पिल्ले माणसाच्या ताटासाठी फार लहान असतात. ती स्वस्तात विकली जातात व त्यांची भुकटी करून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात घालतात.

हे गाऱ्हाणे आजचे नाही. इंग्लंडच्या राजाकडे अशाच एका ओढत्या जाळ्याविरुद्ध १३७६ साली अर्ज आला होता. त्याची आस इतकी बारीक, की लहानातला लहान मासाही सुटत नाही, आणि ती पिल्ले मग डुकरांना खाऊ घालतात, अशी त्यात तक्रार होती. त्या काळी यंत्र नव्हते. जाळे शिडाच्या नौकेमागे ओढले जात होते.

आपल्या देशात ट्रॉलर वाढले ते १९६० नंतर. कोळंबीला परदेशात चांगला भाव मिळू लागला, आणि अशा नौकांसाठी सरकारी कर्जेही मिळू लागली. गोव्यातील रापणकरांना लवकरच दिसून आले, की आपल्या जाळ्यापर्यंत मासा पोचण्याआधीच तो उचलला जात आहे. तेव्हा १९७० नंतरच्या दशकात ते संघटित झाले. मातानी साल्दान्य नावाचे शिक्षक त्यांचे पुढारी होते. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवावे, ही त्यांची मागणी होती. मागणी विचारपूर्वक केलेली होती. कारण उथळ पाण्यातच बहुतेक पिल्ले वाढतात. १९७८ साली देशातील निरनिराळ्या किनाऱ्यांवरील लहान मच्छीमार एकत्र आले, आणि त्या संघटनेचे पहिले अध्यक्षपद साल्दान्य यांच्याकडे आले. १९८० मध्ये गोव्यात, तर १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला व किनाऱ्याजवळील उथळ पाण्यात ट्रॉलरला मनाई करता येऊ लागली. पावसाळ्यातील मासेमारीबंदीही आज पाळली जाते. पश्चिम किनाऱ्यावर ती केंद्र शासनाने १ जून ते ३१ जुलै अशी ठरविली आहे.

तथापि पाण्यावर रेघ ओढता येत नाही. रात्रीच्या अंधारात कोणती नौका किती आत आली, हे पाहावयास गस्तीच्या नौका लागतात. म्हणून कायदा होऊनही मालवण आणि देवगडच्या मच्छीमारांची आंदोलने थांबली नाहीत. महाराष्ट्राने २०२१ साली कायद्यात सुधारणा करून दंड वाढविले. २०२३ साली पापलेट हा राज्यमासा ठरला आणि ५४ जातींचे मासे किमान किती लांबीचे असावेत, हेही राज्याने ठरवून दिले.

ट्रॉलरवर राबणारा खलाशी श्रीमंत नसतो, हेही सांगितले पाहिजे. तो पुष्कळदा पोटासाठी दूरच्या गावाहून आलेला असतो. जाळे बंद झाले तर त्याची मजुरीही बंद होते. म्हणून कोची येथील मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने निराळी वाट काढली. नेहमीच्या जाळ्याची आस शंकरपाळ्यासारखी असते. जाळे ओढले जाताच ती ताणून मिटते व पिल्ले आत कोंडली जातात. तीच आस चौकोनी केली, तर ओढतानाही उघडी राहते. जाळ्याची शेवटची पिशवी ४० मिलिमीटर चौकोनी आसेची असावी, असे ह्या संस्थेचे सांगणे आहे.

पुष्कळ नौकामालक अशी पिशवी लावण्यास काचकूच करतात. तिच्यातून पिल्लांबरोबर थोडी बारीक कोळंबीही निसटते. तिचे पैसे त्या दिवसाच्या हिशेबातून वजा होतात. आणि ती मोठी झाल्यावर कोणाच्या जाळ्यात सापडेल, हे मालकाला ठाऊक नसते.